शाळा समुदाय आणि आरोग्यसंवर्धन : कामरेज परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

शाळेत आरोग्याचा विषय निघाला की बहुतेक वेळा वर्षातून एकदा येणारे डॉक्टर, भिंतीवरील सुविचार आणि नखे तपासणारे वर्गशिक्षक एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. हे चित्र चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. मूल दिवसातील पाच-सहा तास शाळेत असते व उरलेला वेळ घरात, गल्लीत, शेतात किंवा रस्त्यावर घालवते. त्यामुळे शाळेत हात धुण्याचा पाठ झाला आणि घरी पाणीच नसले, तर तो पाठ वहीतच राहतो. म्हणूनच केवळ 'शालेय आरोग्य' न म्हणता 'शाळा समुदायाचे आरोग्य' असा विचार गेल्या काही दशकांत पुढे आला. शिक्षक, विद्यार्थी, पालक, शाळा व्यवस्थापन समिती, अंगणवाडी, आरोग्य केंद्र, शाळेबाहेरचा दुकानदार व परिसरातील महाविद्यालय हे सर्व या समुदायाचे घटक मानले जातात.

प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा परिचय करून देऊन सुरत जिल्ह्यातील कामरेज परिसराच्या संदर्भात तिचे विवेचन केले आहे. सामुदायिक महाविद्यालयांतील शिक्षकांना या कामात काय करता येईल, याचाही विचार शेवटी केला आहे.

संकल्पनेची वाटचाल

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९८६ च्या नोव्हेंबर महिन्यात कॅनडातील ओटावा येथे एक परिषद झाली व तेथे आरोग्यसंवर्धनाची सनद मान्य करण्यात आली. आरोग्य रुग्णालयात नव्हे, तर माणसे जेथे शिकतात, काम करतात, खेळतात व राहतात तेथे घडते, हा तिचा गाभा होता. धोरण, परिसर, समुदायाचा सहभाग, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यसेवेची दिशा या पाचही बाबींवर एकाच वेळी काम व्हावे, असे तिने सुचविले. याच विचारातून १९९५ मध्ये जागतिक शालेय आरोग्य उपक्रम सुरू झाला आणि 'आरोग्यसंवर्धक शाळा' ही संज्ञा रूढ झाली. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनेस्को यांनी अशा शाळांसाठी आठ मानके प्रसिद्ध केली. त्यांत शासनाचे व शाळेचे धोरण, प्रशासन, समाजाशी भागीदारी, अभ्यासक्रम, शाळेचे सामाजिक व भौतिक वातावरण आणि आरोग्यसेवा यांचा समावेश आहे.

भारतात हा विचार अगदीच परका नव्हता. शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्या देशात प्रथम १९०९ मध्ये बडोदा शहरात झाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी जन्मलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीतील ही घटना आहे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानास लागू केला. आजचे कामरेज त्या वेळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात मोडत असे. म्हणजे मुलाला शाळेत आणणे ही राज्याची जबाबदारी आहे, हे तत्त्व या भूमीने एका शतकापूर्वीच पाहिले आहे. मूल शाळेत आले की त्याचे शरीरही शाळेच्या काळजीचा विषय होते, हे त्या तत्त्वाचे पुढचे पाऊल होय.

स्वातंत्र्यानंतर शालेय आरोग्याचा विचार करण्यासाठी १९६० मध्ये रेणुका राय समिती नेमण्यात आली. गुजरातने १९८४ मध्ये मध्यान्ह भोजन योजना व १९९७ मध्ये राज्यव्यापी शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला. केंद्र शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब यांचा शोध घेतला जातो. फिरत्या पथकाने अंगणवाडीला वर्षातून दोनदा व शाळेला वर्षातून एकदा भेट द्यावी, अशी त्याची रचना आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य व कल्याण कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यानुसार प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत म्हणून नेमावयाचे असते. पोषण, स्वच्छता, मानसिक स्वास्थ्य, व्यसनप्रतिबंध, अपघातांपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर इत्यादी अकरा विषय त्यांनी हाताळावयाचे आहेत.

योजनांची उणीव आहे असे यावरून म्हणता येणार नाही. या योजना कोणत्या मुलापर्यंत पोहोचतात आणि कोणते मूल त्यांच्या कक्षेबाहेर राहते, हा खरा प्रश्न आहे. कामरेजच्या परिस्थितीवरून तो स्पष्ट होतो.

कामरेज : दोन प्रकारचे बालपण

तापी नदीच्या काठी, मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर वसलेला कामरेज हा सुरत जिल्ह्यातील तालुका आहे. काकरापार व उकाई प्रकल्पांच्या कालव्यांमुळे दक्षिण गुजरातेत उसाची लागवड वाढली व सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कामरेज तालुक्यातील नवी पारडी येथेही सहकारी साखर कारखाना आहे. दुसरीकडे सुरत शहर वाढत वाढत कामरेजच्या चौरस्त्यापर्यंत आले आहे. परिणामी एकाच तालुक्यात दोन प्रकारचे बालपण शेजारी शेजारी नांदते.

पहिले बालपण नव्या सोसायट्यांमधील आहे. सकाळी शाळेची बस, संध्याकाळी शिकवणी, रात्री मोबाईल आणि वाटेत पाकीटबंद खाद्यपदार्थ असा त्याचा दिनक्रम असतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या मुलांच्या वेळापत्रकात त्या साठ मिनिटांना जागा सापडत नाही. चष्मा, वाढते वजन, अपुरी झोप व परीक्षेचा ताण हे त्यांचे प्रश्न आहेत.

दुसरे बालपण उसाच्या फडात आहे. दिवाळीच्या सुमारास डांग, नंदुरबार, धुळे इत्यादी भागांतून ऊसतोड मजूर सुरत जिल्ह्यात येतात व एप्रिलच्या आसपास परततात. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी बहुधा पती-पत्नी मिळून एक 'कोयता' होतो. मोकळ्या जागेत, नाल्याच्या काठी, पाल किंवा झोपडी उभारून त्यांचा पडाव पडतो. भल्या पहाटे आईबाप फडात जातात. मागे राहिलेले आठ-दहा वर्षांचे मूल धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, सरपण गोळा करते किंवा मोळ्या बांधण्यास मदत करते. अपुरे व दूषित पाणी, उघड्यावरील शौच, चुलीचा धूर, अनियमित जेवण आणि कोयत्याच्या जखमा ही त्याच्या आरोग्याची पार्श्वभूमी असते.

पहिल्या मुलाला शाळा आहे, परंतु शाळेत आरोग्यास अनुकूल जीवनशैली नाही. दुसऱ्याला पुष्कळदा शाळाच नाही. शाळा समुदायाच्या विचारात या दोघांनाही स्थान मिळाले पाहिजे.

तारखेच्या जाळीतून निसटणारे मूल

राष्ट्रीय जंतनाशक दिन हे याचे ठळक उदाहरण आहे. २०१५ पासून साधारणतः १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट रोजी एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. आतड्यातील जंत अन्नरस व रक्त शोषतात, त्यामुळे मूल अशक्त होते व वर्गात पेंगते. उघड्यावर शौचास बसणाऱ्या व अनवाणी फिरणाऱ्या मुलांना हा धोका सर्वाधिक असतो. आता १० फेब्रुवारी ही तारीख पाहा. त्या दिवशी ऊसतोडणीचा हंगाम ऐन भरात असतो. नंदुरबार जिल्ह्यातील मूल गावच्या शाळेच्या पटावर असते, पण गावात नसते. कामरेजच्या फडात ते असते, पण तेथील शाळेच्या पटावर नसते. पटावर नसलेल्या मुलांना अंगणवाडीतून गोळी द्यावी व आशा कार्यकर्तीने त्यांना गोळा करून आणावे, अशी सोय मार्गदर्शक सूचनांत आहे. तथापि आज येथे व पंधरवड्याने दुसऱ्या फडावर असलेला पडाव कोणत्या अंगणवाडीचा, हे कोणीतरी ठरविल्याशिवाय ती सोय कागदावरच राहते.

हीच गोष्ट लसीकरणाची, दृष्टितपासणीची आणि लोहयुक्त गोळ्यांची आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) गुजरातमध्ये सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ७९.७ टक्के बालकांत व पंधरा ते एकोणीस वर्षांच्या ६९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत मिळणारी आठवड्याची एक लोहयुक्त गोळी म्हणूनच महत्त्वाची ठरते. परंतु नुसती गोळी वाटून काम भागत नाही. ती जेवणानंतर घ्यावी, तिच्या आगेमागे चहा पिऊ नये, जेवणात लिंबू असल्यास लोह अधिक शोषले जाते आणि शौचाचा रंग काळा झाल्यास घाबरू नये, या चार गोष्टी पालकांपर्यंत पोहोचल्या नाहीत तर गोळ्या दप्तरात किंवा उकिरड्यावर सापडतात.

या भागात आणखी एका आजाराचे भान आवश्यक आहे, तो म्हणजे सिकलसेल. दक्षिण गुजरात व लगतच्या नंदुरबार-धुळे पट्ट्यातील आदिवासी समाजांत या आनुवंशिक विकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. शरीरातील पाणी कमी झाले, अति श्रम झाले किंवा थंडी वाजली की हा त्रास उफाळतो. असे मूल कवायतीच्या तासाला बसून राहिले की 'आळशी' ठरते आणि त्याला पळायची शिक्षा मिळते. शिक्षकाला आजाराची माहिती असेल तर तोच शिक्षक त्याला पाणी देईल, सावलीत बसवील व आरोग्य केंद्राकडे पाठवील. सिकलसेलच्या रुग्णाला लोहयुक्त गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी लागते, हेही शिक्षकास ठाऊक हवे. देशपातळीवर या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आहे. तिची सुरुवातीची पायरी शाळेतील तपासणी हीच असू शकते.

पाणी : समुदायाची कसोटी

सप्टेंबर १९९४ मधील प्लेगने सुरत शहराला स्वच्छतेचा धडा दिला व त्यानंतरच्या काही वर्षांत शहराच्या सफाईव्यवस्थेचा कायापालट झाला. परंतु शहराच्या कडेला धोका संपलेला नाही. मे २०२१ च्या अखेरीस कामरेज परिसरातील कठोर गावाच्या एका वसाहतीत दूषित पाण्यामुळे जुलाब-उलट्यांची साथ पसरली व काही रहिवाशांना प्राण गमवावे लागले. प्लेगच्या सत्तावीस वर्षांनंतरही पिण्याच्या पाण्यामुळे माणसे मरतात, ही बाब प्रत्येक शिक्षकाने गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

अशा वेळी शाळेतील मूल काय करू शकते? एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून जलसंजीवनी तयार करता येते, हे दहा वर्षांच्या मुलाला सहज शिकविता येते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या द्रावणाने हजारो कॉलराग्रस्तांचे प्राण वाचविले होते. यासोबत जुलाब झालेल्या बालकास जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात, स्तनपान व जेवण बंद करू नये आणि मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले तर लगेच दवाखान्यात न्यावे, एवढी माहिती घराघरांत गेली पाहिजे.

मूल हे आरोग्यशिक्षणाचे माध्यम होऊ शकते, हा अनुभव महाराष्ट्राला आहे. मुंबईत मालाडजवळील मालवणी वस्तीत केईएम रुग्णालयाच्या सामाजिक वैद्यक विभागाने १९७० च्या दशकात शाळकरी मुलांना आजूबाजूच्या कुटुंबांचे आरोग्यदूत म्हणून तयार केले होते. आजारी माणूस ओळखणे, लसीकरणाची आठवण देणे व घरी जाऊन साधी माहिती सांगणे अशी कामे मुलांनी केली. मुलाने सांगितलेली गोष्ट आई ऐकते, हे त्यातून दिसून आले.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. दक्षिण गुजरातेत भात व ऊस यांच्या चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हे जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. 'पायाला जखम असेल तर ती झाकल्याशिवाय चिखलात उतरू नये आणि ताप अंगावर काढू नये' हा एका वाक्याचा पाठ जूनमध्ये प्रत्येक वर्गात व्हावा.

आरोग्याची भाषा

आरोग्यसंदेशाच्या भाषेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, उर्दू, हिंदी, उडिया, तेलुगू व इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालविते, ही तिची मोठी जमेची बाजू होय. ग्रामीण भागात मात्र शाळा व आरोग्यपत्रके प्रामुख्याने गुजरातीत असतात, तर पडावावरील मुलांच्या घरी भिली, कोकणी किंवा अहिराणी बोलली जाते.

शब्दांमुळे काय घोटाळा होतो ते पाहा. गुजरातीत तापाला 'ताव' म्हणतात. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ताव म्हणजे कागद. गुजरातीत जुलाबांना 'झाडा' म्हणतात. त्या मुलाच्या डोळ्यांपुढे झाड येते. उर्दूत जुलाबांना 'दस्त' म्हणतात; मराठीत दस्त म्हणजे नोंदणी कार्यालयातील कागदपत्र. तीनही भाषा एकमेकींच्या शेजारी राहतात आणि एकमेकींना चकवतात. 'ताव आला तर दवाखान्यात या' हे वाक्य ऐकूनही आई आली नाही, तर तिला निष्काळजी म्हणण्याआधी तिला ते कळले का, हे विचारले पाहिजे. शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे, असे शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात म्हटले आहे. आरोग्याच्या सूचनेला तर हे तत्त्व अधिकच लागू पडते, कारण तेथे न समजण्याची किंमत जिवानिशी मोजावी लागते.

शाळेचे आवार आणि आवाराबाहेर

शाळा समुदायाची जबाबदारी फाटकापाशी संपत नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास बंदी आहे. २०१९ च्या जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणात भारतातील तेरा ते पंधरा वर्षांचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू सेवन करणारे आढळले. तसेच अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ व साखर अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात व त्याभोवती पन्नास मीटरपर्यंत विकता येत नाहीत. हे नियम पोलिसी बळावर कमी आणि पालक, शिक्षक व दुकानदार यांच्या समजुतीवर अधिक टिकतात. दुकानदाराला नुसते 'विकू नको' म्हणण्याऐवजी चणे, शेंगदाणे, केळी विकण्याचा पर्याय सुचविल्यास त्याचाही धंदा राहतो.

मध्यान्ह भोजनातून प्राथमिक वर्गातील मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गातील मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा दंडक आहे. गुजरातेत 'तिथी भोजन' ही चांगली प्रथा आहे. वाढदिवस, विवाह, पुण्यतिथी अशा निमित्ताने गावकरी शाळेतील मुलांना जेवण किंवा फळे देतात. त्यात मिठाईऐवजी कडधान्य, हिरवी भाजी व फळे यांचा आग्रह धरला आणि त्या दिवशी जवळच्या पडावावरील मुलांनाही पंगतीत बसविले, तर शाळा समुदायाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

महाविद्यालयीन शिक्षकांची भूमिका

येथपर्यंतचे विवेचन शाळेचे असले तरी सामुदायिक महाविद्यालयातील शिक्षकांना त्यात निश्चित स्थान आहे. महाविद्यालयाजवळ तरुण विद्यार्थी असतात, भाषा जाणणारे शिक्षक असतात आणि राष्ट्रीय सेवा योजनेसारखी चौकट असते. त्या दृष्टीने पुढील कामे सुचविता येतील.

१. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर हिवाळ्यात घेणारी महाविद्यालये ते ऊसतोड पडावाजवळील शाळेत घेऊ शकतात. पडावातील मुलांची यादी करून ती शाळा, अंगणवाडी व प्राथमिक आरोग्य केंद्र या तिघांना देणे हे शिबिराचे पहिले काम असावे. नाव यादीत आले की गोळी, लस व तपासणी यांची वाट मोकळी होते.

२. भाषा विभागांनी विद्यार्थ्यांकडून गुजराती, मराठी, उर्दू व स्थानिक बोली यांतील आरोग्यविषयक शब्दांची छोटी पुस्तिका तयार करून घ्यावी. पन्नास-साठ शब्द पुरेसे आहेत. ती परिचारिका व आशा कार्यकर्ती यांच्या पिशवीत राहावी.

३. शाळाबदलाच्या वेळी मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावा आणि दाखल्याअभावी प्रवेश नाकारू नये, अशी शिक्षणहक्क कायद्यात तरतूद आहे. स्थलांतरितांच्या मुलांसाठी गुजरातेत स्थलांतर कार्डाची, तर महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड व हंगामी वसतिगृहांची व्यवस्था झालेली आहे. अशा कार्डाच्या मागील कोऱ्या बाजूवर लस, जंतनाशक गोळी, दृष्टी व सिकलसेल तपासणी यांची नोंद करण्याचा प्रघात पाडता येईल. दहाव्या व सोळाव्या वर्षी द्यावयाच्या धनुर्वात-घटसर्प लशीची आठवणही तेथेच राहील.

४. अध्यापक विद्यालयांतील छात्राध्यापकांनी सराव पाठांमध्ये हात धुणे, जलसंजीवनी व रस्ता ओलांडणे असे कृतियुक्त पाठ घ्यावेत. महामार्गालगतच्या कामरेजसारख्या गावात रस्ता ओलांडण्याचे कौशल्य हाही आरोग्याचाच भाग आहे.

५. महाविद्यालयाने आपल्या उपाहारगृहापासून व मैदानापासून सुरुवात करावी. जे शिक्षक स्वतः तंबाखू चघळत आरोग्यावर व्याख्यान देतात, त्यांचे व्याख्यान विद्यार्थी ऐकत नाहीत. ते फक्त शिक्षकाकडे पाहतात.

यांपैकी एकाही कामास मोठा निधी लागत नाही. वेळ, सातत्य आणि दोन राज्यांतील दोन शाळांनी एकमेकींना पाठविलेले एक पत्र मात्र लागते.

समारोप

आरोग्यसंवर्धक शाळेची व्याख्या परिषदांमध्ये ठरली असली तरी तिची परीक्षा फडाच्या कडेला होते. सोसायटीतील मुलाला खेळण्यासाठी एक तास व पडावातील मुलाला पिण्यासाठी स्वच्छ पाणी, या दोन्ही मागण्या आरोग्याच्याच आहेत. त्यांतील तातडी मात्र सारखी नाही. बडोदे संस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला तेव्हा कामरेज त्या राज्यात होते. त्या कायद्याला शंभराहून अधिक वर्षे लोटल्यानंतरही कोयत्याबरोबर येणारे मूल कोणत्या शाळेचे, हा प्रश्न शिल्लक आहे. हजेरीपटावर पेन्सिलीने का होईना, त्याचे नाव लिहिले गेले, तर पुढच्या १० फेब्रुवारीला कोणीतरी त्या नावाने हाक मारील. शाळा समुदायाच्या आरोग्याचे काम तेथून सुरू होते.